सशाला पुरणपोळी

वाई, बेंदराची संध्याकाळ, १९६४

माझा ससा गेला. दिवे लागायच्या आत पोट टम्म फुगलं आणि संपला. दारात बैल नाही, म्हणून सासूबाईंनी दुपारी बेंदराची पुरणपोळी सशालाच चारली! कितीदा सांगितलं होतं, त्याला गवतच सोसतं. तर म्हणाल्या, "सणाच्या दिशी मुकं जनावर उपाशी ठिवायचं व्हय?" आणि आता म्हणतात, "तुझं गवतच वलं आसंल." आमचे हे ऐकूनही पानाला चुना लावत बसले.

ओलं म्हणे! रोज चुलीपाशी सुकवून घालत होते मी ते गवत. पदराने पुसून.

मघाशी जेवायला बसले, तर माझ्या ताटात तीच पुरणपोळी. "खा, गोड हाय."

सशाला नको म्हणता येत नव्हतं. मी मुकाट्याने खाल्ली.