उजव्या काठाचे दात

नागपूर, ५ जानेवारी २०२५

ती. आत्यास, शि. सा. न.

मागावर वाढलेल्या आपल्या घरांतल्या सगळ्याजणींचा राग एकच आहे: छापील करवतकाठ विणलेला म्हणून खपतो आणि आपण गप्प बसतो. मी गप्प बसले नाही. सीताबर्डीच्या प्रदर्शनात तू पाठवलेलं टसरचं लुगडं उंच धरलं आणि सांगितलं, उलटवून बघा, माझ्या आत्यानं काठावर विणलेले हे करवतीचे दात दोन्ही अंगांनी सारखेच दिसतात. टाळ्या पडल्या. मग एका बाईंनी शांतपणे विचारलं, डाव्या काठाचे दात रुंद आणि उजव्याचे बारीक का? तेही मधल्या हातभर भागातच, पदराजवळ पुन्हा सारखे. माझी बोलती बंद. काय भानगड आहे? लिहूनच कळव. फोनवर मी तुला बोलू देत नाही, हे तुझंच म्हणणं.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
हर्षा

उमरेड, १२ जानेवारी

चि. हर्षाले आशीर्वाद.

तुझी बोलती बंद करणारी बाई मले पाहाची हाय. अवं, करवतीले आडवा धागा नेणारे तीन धोटे लागतात अन् दोघी जणी. डावा काठ माझा, उजवा प्रयागबाईचा. दर धाग्याले काठ अन् मधलं कापड एकमेकांत अडकवा लागते. त्या हातभरात आमचा अबोला होता. तिच्या सुनेच्या भाजीले मी नावं ठेवली होती. प्रयाग चिडली का धागा ओढते, मंग दात बारीक येतात. पदराजवळ तिनं सुपारी पुढं केली, म्हणून सारखे.

आता ती खाप्याले लेकाकडं जाऊन बसली. त्यानं तुझं भाषण मोबाईलवर दाखवलं. फोनवर म्हणे, मी येत नाही, आत्यानं विणलं, तं मी काय माशा मारून राहिली होती? नवं लुगडं अर्धं मागावर हाय. एकटीनं करवत होत नाही. ती नाही आली तं माग काढूनच टाकीन.

माया ठेव, अन् बोलताना श्वास घेत जा.
जनाआत्या

नागपूर, १९ जानेवारी

ती. प्रयागमावशीस, सा. न.

तुमच्या रागाचा हातभर पुरावा माझ्या कपाटात आहे. काल बोटांनी चाचपून पाहिला. एकही धागा सुटलेला नाही. अबोला धरून दोघी एकाच मागावर कशा बसलात? धोटा हवा असला की काय करायचात, खोकायचात? मला हे तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.

तुमचं नाव मी गाळलं. त्याची शिक्षा अर्ध्या लुगड्याला नको. पुढच्या प्रदर्शनात आधी उजव्या काठाचं नाव घेईन, मग डाव्या. आत्या भांडेल. भांडू दे.

पुढच्या सोमवारी सकाळच्या बसनं नागपूरला या. मी स्थानकावर थांबते, उमरेडपर्यंत सोबत येते. राग गेला नसेल तर रागातच या. दात बारीक आले तरी चालतील.

तुमची हर्षा