अंगणातली कढई

अप्पा, काल तुमच्या नातीनं घरी चिकन तळलं. तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यात होती. आता मोबाईलवर बघून कॉर्नफ्लॉवर, अंडं, कढीपत्ता असलं काय काय लावते. आपलं तसं नव्हतं. ढोकीला कारखान्याच्या कॉलनीत रविवारी तुम्ही अंगणात तीन दगडांची चूल मांडायचात, खिळ्यावरची ती वेगळी लोखंडी कढई काढायचात. आई जन्माची शाकाहारी. आलं-लसणाचं वाटण, तिखट, बेसन ती दारातून तुमच्या हातात द्यायची, पण ते भांडं परत घ्यायची नाही. अजून डोळ्यांपुढं आहे: मी शेजारी उकिडवी बसले आहे, एकदम पाच-सहा फोडी तेलात सोडते आणि तुम्ही ओरडता, "कढई भरू नको गं, तेल गार पडतं!" मग पहिली कुरकुरीत फोड फुंकर मारून माझ्याच हातावर ठेवता. आई आत एकटी पिठलं-भाकरी खायची, आपण बाहेर.

आता आई धाराशिवला माझ्याकडं असते. दुसऱ्या मजल्यावर अंगण कुठलं? चिकनचा विषय निघाल्यापासून मी धास्तावले होते. या वयात ती रुसून मामाकडं परंड्याला निघून गेली असती, तर तिला परत आणणं माझ्या बापालाही जमलं नसतं. आणि माझा बाप म्हणजे तुम्हीच. म्हणून छोटी शेगडी गॅलरीत मांडली. वाऱ्यानं जाळ फडफडत होता, तेल काही तापेना. फोडींचं पीठ सुटून तेलात तरंगायला लागलं, पोरगी रडकुंडीला आली. तेवढ्यात मागून आईचा आवाज, "वाऱ्यावर कुठं तेल तापतं व्हय? तुझे आजोबा पत्रा लावायचे आडवा. आण ती कढई आत."

मी चाटच पडले. "आत? तुझ्या ओट्यावर?"

"मग काय माझ्या डोक्यावर?"

नाकाला पदर न लावता ती ओट्याजवळ उभी राहिली आणि नातीला सांगत गेली: आधी जाळ मोठा ठेव, मग बारीक कर, बुडबुडे कमी झाले की काढ. म्हणजे इतकी वर्षं दारात उभी राहून ती तुमच्याकडंच बघत होती. मग स्वतःची आमटी-भाकरी घेऊन नातीच्या शेजारी जेवायला बसली. मला भरून आलं, आणि खरं सांगू, तुमच्या वतीनं रागही आला. मी विचारलं, "अप्पांना का गं कधी आत बोलावलं नाहीस?"

भाकरी मोडत ती म्हणाली, "त्यांना वाटायचं मला वास सोसत न्हाय. सोसत व्हता की. पण त्यांना अंगणातच बसून खायला लई आवडायचं, म्या कशाला मोडता घालू?" मग घास आमटीत बुडवत, "आवडायचं न्हवं त्यांना?"

तुम्ही एकदा चुलीतली लाकडं मागं ओढता ओढता मला म्हणाला होतात, "एखाद्या रविवारी तुझ्या आईशेजारी बसून जेवावं वाटतं बघ." ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घास हातात धरून आई माझ्याकडं बघत होती. मी म्हणाले, "लई आवडायचं."

खोटं बोलले, अप्पा. हा कागद तिच्या हाती लागायच्या आत फाडून टाकते.