टिटवीचे हात

४ सप्टेंबर
आले एकदाची! संगीतशाळेच्या वरचीच खोली मिळाली. पलंग कुरकुरतो, पण खिडकी चांगली मोठी आहे. खाली पियानोचे वर्ग. माझ्या वर्गातला पियानो बेसूर निघाला. शिपाईकाका म्हणाले, तो नव्या शिक्षकांसाठी खास राखून ठेवलाय. हसून हसून पुरेवाट झाली. मोठ्या बाई इथल्या सगळ्यांत जुन्या शिक्षिका. त्यांनी स्वतः माझी ट्रंक वर चढवायला हात लावला. माणसं चांगली दिसतायत.

९ सप्टेंबर
आज टिटवी ऐकली. मोठ्या बाईंची विद्यार्थिनी, बेकरीवाल्याची मुलगी, जेमतेम नऊ वर्षांची. क्षणभरही तोंड मिटत नाही, म्हणून हे नाव. एकदाच ऐकलेली धून पोरीनं जशीच्या तशी वाजवली. काय ते हात! मी दारातच खिळले. माझी मुलं वर्गात ताटकळतायत, हे शिपाईकाकांनी सांगितलं तेव्हा भानावर आले. तेवढ्यात बाईंनी उठून दार लावून घेतलं. जरा खटकलंच.

१७ सप्टेंबर
कुठंतरी पाणी मुरतंय. बाई फक्त टिटवीच्या तासाला दार आतून लावतात. तिची नखंही स्वतः कापतात. नख पट्टीवर वाजू नये, हे आम्ही सगळेच सांगतो, पण घरी आत्या आहे ना तिची, कापायला? मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं कुणी पाहत नाही. मी पाहते. दाराच्या काचेतून, रोज.

२६ सप्टेंबर
टिटवीच्या बाबांना बेकरीत गाठलं. म्हटलं, बाईंचा तुमच्या मुलीवर नको तितका जीव जडलाय, सांभाळा. ते घाबरलेच. म्हणाले, हल्ली ती जेवतानाही ताटाच्या कडेवर बोटं वाजवते. बस्स! त्यांनी तडक तक्रार केली, शाळेच्या संचालकांनी बाईंना रजेवर पाठवलं आणि टिटवी माझ्याकडे आली. आनंदानं घास उतरला नाही.

३० सप्टेंबर
बाई आपलं सामान न्यायला आल्या होत्या, जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, दार मी तुमच्यामुळेच लावत होते. तिच्या हातांकडे तुम्ही कशा बघत होतात, ते पाहिलंय मी. चोराच्या उलट्या बोंबा!

४ ऑक्टोबर
टिटवी बोलत नाही. माझ्यासमोरच चुकते. मुद्दाम—बाईंनी पढवलं असणार. नखं कापली. जरा खोल गेली. पट्ट्यांवर लाल. पुसलं. दार लावून घेतलं.

६ ऑक्टोबर
बाबा तिचं नाव शाळेतून काढून घेणार. संचालक म्हणतात, तिच्या जवळही जाऊ नका. सगळे सामील आहेत. ते हात पीठ मळणार? नाही—

८ ऑक्टोबर
तिला वर आणलंय, माझ्या खोलीत. टेबलावरच वाजव म्हटलं, मला ऐकू येतं. वाजवत नाही—घरी जायचं म्हणते—

बाहेर बेकरीवाला. शिपाईकाका. बाई. दार ठोठावतायत, तेही बेताल.

म्हटलं, वेडे, त्या बाईपासून मीच तर तुला सोडवलं. तर दाराकडे बघून ओरडली—बाई, मला सोडवा—

त्यांना हाक मारली. त्यांना.

हात मुठीत मिटून घेतलेत तिनं. उघडत नाही. मग आता एकेक बोट मीच