दहापैकी सोबत

८ जानेवारी १९९६, सोमवार
नगरच्या कॉलेजातली मुलगी आली होती, मेहविश. म्हाताऱ्यांचं जीवन कसं चाललंय ते मोजते म्हणे! झोप, भूक, गुडघे, सोबत – एकेकाला दहापैकी गुण द्यायचे. चौतीस वर्षं पोरांना गुण दिले, आता स्वतःला! धाकटी सून दीपा दारातच उभी. मग काय – नऊ, आठ, नऊ.
"गुरुजी, सोबत?"
"दहा! भरल्या घरात कसलं एकटं!"
खोटारडा मास्तर.

९ जानेवारी
दीपाचा चहा दोनदा परत पाठवला. सुमनला एकदा डोळे वटारले की पुरे असायचं. कधी उलटून शब्द नाही. अशी बायको मिळायला नशीब लागतं!

११ जानेवारी
वाटणीला दोन वर्षं झाली. रान वाटलं, भांडी वाटली – आणि आम्हीही. आई थोरल्या प्रवीणकडे शेवगावला, बाप धाकट्या सम्राटकडे इथं तिसगावात. पोरांनी ठरवलं, आम्ही माना डोलावल्या. भांडायला हवं होतं. एसटीनं तासाभराची वाट, पण जायचं पाहुण्यासारखं. दिवाळीत गेलो तर ती शेजारणींबरोबर बाहेर गेलेली. तासभर बसून परत आलो.
फार आठवण येते. कुणाला सांगणार? या वयात हसतील.

१४ जानेवारी
झोप नाही. सुमन, सुमन.

१५ जानेवारी
मेहविश राहिलेली सही घ्यायला आली. म्हटलं, काढ माझा कागद, तपासण्यात चूक झालीय! सोबतीचा दहा खोडला, शून्य घातलं. वर मोठ्यानं म्हणालो – "बायको जिवंत आहे, पण पोरांनी तोडली आमची जोडी. तिला आणा, मग देतो दहा!"
दीपानं ऐकलं. चेहरा पडला. पडू दे! मला तर हलकं वाटलं. उद्या सम्राटला सांगून सुमनला घेऊनच यायचं.

१६ जानेवारी
सम्राटला म्हटलं, चल, आईला घेऊन येऊ. बोलली ती दीपाच.
"मामा, आमच्या नावानं बोल लावू नका. आमी दोगांना हितंच ठिवनार हुतो. आत्याबाईच हात जोडून म्हनल्या – 'ह्यांना तुमी सांभाळा, मला शेवगावला जाऊ द्या. लई वर्सं झाली, आता वाईच माझ्या मनानं जगते.' तुमाला सांगू नका म्हनल्या हुत्या."