प्रमिलाबाईंचा डावा पाय

३ नोव्हेंबर १९६४
आले बाई एकदाची! नंदुरबार स्टेशनापासून बैलगाडीने हाडं खिळखिळी केली, पण तापीकाठचं हे गुजरांचं घर पाहून शीण पळाला. चहूकडे केळीच्या बागा, आणि भाकरीवर हा एवढा लोण्याचा गोळा! माझं काम एकच, गिरधरभाऊंच्या बायकोला चालतं करायचं. प्रमिलाबाईंची डावी बाजू लकव्याने गेली, त्यातच पडून खुबा मोडला. मुंबईत तिथे धातूचा गोळा बसवलाय. होळीच्या आत अंगणात फिरवीन, असं छाती ठोकून सांगितलंय मी.

७ नोव्हेंबर
बाई गोड, पण हट्टी. खुब्याला सोसायचं नाही, मांडी घालू नका म्हटलं, तरी पाटावर बसायला बघतात. आज डाव्या पायाला चिमटा काढून म्हणाल्या, हाऊ पाय मन्हा नही शे. हा पाय माझा नाही, लकव्याचे रोगी बोलतात असं. मी हसण्यावारी नेलं.

१२ नोव्हेंबर
उठवताना कमरेचा पट्टा त्यांच्या गळ्यातल्या लांब दोऱ्याला अडकला. दोऱ्यात चांदीचा पत्रा, त्यावर दोन पावलं कोरलेली. गिरधरभाऊंची पहिली बायको कौसाबाई तापीत बुडाली. तिची पावलं दुसरीने गळ्यात बाळगायची, म्हणजे सवत घरात फिरत नाही, अशी यांची रीत. कसली मेली रीत! चालायचं तर हे लोढणं कशाला? मी काढून ठेवलं. प्रमिलाबाई दिवसभर रडल्या.

१५ नोव्हेंबर
डावा पाय उचलला! गिरधरभाऊंनी गूळ वाटला. प्रमिलाबाई मात्र म्हणतात, मी नाही हलवला.

१९ नोव्हेंबर
पायात फार जोर आलाय. बाईंना धाप लागते, थांबा म्हणतात, पाय थांबत नाही. सारखा नदीकडच्या दाराकडेच वळतो. नसती ब्याद ओढवली मी. भीती वाटतेय, लपवू कशाला? पत्रा परत गळ्यात घातला. दोरा तुटला. दुसरा ओवला— तोही.

२० नोव्हेंबर
आज पाण्यातून ओढून आणलं. गुडघाभर गेल्या होत्या. मला सोडू नका म्हणून किंचाळत होत्या, आणि पाय पुढेच—

२१ नोव्हेंबर, दुपार
पाय लुगड्याने खाटेला बांधलाय. गिरधरभाऊ शेतातली माणसं आणायला गेलेत. तेवढंच वजन म्हणून मीही खाटेवरच बसलेय, इथेच लिहितेय. प्रमिलाबाईंनी माझा डावा हात घट्ट धरलाय. म्हणतात, तू उतर बाई, ती माले ली जाई ऱ्हायनी. कौसाबाईच ओढून नेतेय म्हणे त्यांना. नाही उतरणार. त्यांना चालवणारी मीच ना?

गाठ सुटलेली नाही. नुसता अंगठा जमिनीला पोचलाय.

खाट हलली.

दाराकडे. आम्हा दोघींना घेऊन— गिरधरभाऊ अजून—