मधला 8x

३ ऑगस्ट, रविवार
ठरलं. इन्शाला गणिताचा क्लास लावायचा नाही. सकीनाचं म्हणणं, नववीचं बीजगणित आहे, लावून टाकू. मी विचारलं, मग बाप कशाला आहे? पोरगी नापास झाली तर मी जन्मात गणिताचं नाव काढणार नाही, असंही सांगून टाकलं. पडदे विकतो म्हणून काय झालं, दहावीला गणितात ७८ होते. (खरं तर ६८. पण पेपर अवघड होता.)

४ ऑगस्ट, रात्री ८
बहुपदींचा गुणाकार. (x + 3)(x + 5). पहिल्याने पहिल्याला गुणायचं, दुसऱ्याने दुसऱ्याला. x² + 15. विषय संपला! इन्शा म्हणाली, सर चार वेळा गुणतात. मी समजावलं, ईदला माझा भाऊ फरहान आणि तुझी चाची येतात. मी फरहानची गळाभेट घेतो, अम्मी चाचीची. मी चाचीला मिठी मारतो का? इन्शाने x² + 15 लिहून घेतलं. असं शिकवणारा क्लास अख्ख्या नाशकात दाखवा.

६ ऑगस्ट, बुधवार
आज अवयव. x² + 8x + 15. मधे हा 8x कुठून आला? छपाईची चूक, दुसरं काय! पेनने खोडला. पुढच्या गणितातही तेच. अख्खा सरावसंच दुरुस्त केला. पुस्तक काढणाऱ्यांना लाज वाटायला हवी. इन्शा तोंडावर ओढणी धरून बसली होती. सर्दी असावी.

१० ऑगस्ट, रविवार
इन्शा आता माझ्याच पद्धतीने पटापट उत्तरं काढते. सकीना म्हणते, एकदा सरांना विचारून घ्या. मी विचारू? चाचणी होऊ दे, सरच मला विचारायला येतील.

१४ ऑगस्ट
चाचणी झाली. पेपर सोपा गेला म्हणाली. श्रेय कुणाचं, असं जेवताना मी सगळ्यांना विचारलं. सकीनाने आमटी वाढली.

२३ ऑगस्ट, शनिवार
पालकसभा. इन्शाला वीसपैकी एकोणीस! मी उभाच राहिलो. मग सरांनी तिला फळ्यावर एक गणित सोडवायला सांगितलं. तिने चार वेळा गुणलं. मधलं पद आलं. सर शाब्बास म्हणाले. मी खाली बसलो.

रिक्षात विचारलं. म्हणाली, शाळेत सरांच्या पद्धतीने करते, घरी तुमच्या. तुम्ही दुकानातून दमून येऊन शिकवायला बसता, तुम्हाला वाईट वाटायला नको. अम्मीला सगळं माहीत होतं म्हणे.

वाईट वाटलं. फार वाटलं. पण माझी पद्धत चुकीची आहे हे अजून कुणीही सिद्ध केलेलं नाही. आणि मिळाले एकोणीसच, वीस नाहीत.

२४ ऑगस्ट, रविवार
जेवण झाल्यावर टीव्ही लावला. इन्शाने बंद केला. म्हणाली, (x + 3)(x + 5) मध्ये x च्या जागी 1 घाला. चार गुणिले सहा, चोवीस. माझ्या पद्धतीने सोळा. मी म्हटलं, 1 घ्यायला सांगितलं कुणी? मग 2 घेतला. तरीही जुळेना.

तिने माझ्या हातात पेन दिलं, पाच गणितं घातली आणि समोर बसून राहिली. चार चुकली. पाचवं तिने मुद्दाम सोपं घातलं होतं, अशी मला दाट शंका आहे.