आपल्या घरची जखम

आई, सप्रेम जय भीम.

फोनवर तू रडायला लागतेस आणि माझं सांगायचं राहतं, म्हणून लिहितेय. नाशिकला थंडी पडलीय. जेवण जातंय. ऑपरेशनची जखम भरली. सिस्टर म्हणाली, "किती लवकर भरली हो!" मी म्हटलं, आमच्या घरची जखम लवकरच भरते, असं माझी आई मनमाडभर सांगते.

"माझ्याच रक्तातून तुला कॅन्सर आला" असं आता म्हणू नकोस. मी डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, रिपोर्टमध्ये जो जीन बिघडलेला दिसतो, तो सगळ्यांतच असतो, चांगला असतो. तो पेशींना वाढा म्हणतो, म्हणून तर जखम भरते. माझ्या एका पेशीत तो मागाहून बिघडला आणि थांबायचं विसरला. तुझ्याकडून आलेला नाही.

पटलं मला. तरी त्या भरलेल्या जखमेकडे बघवत नाही.

बाबा बीपीची गोळी घेतात ना? माझी यशू तुझ्याजवळ नीट झोपते का? सायकलवरून पडून गुडघा फोडून घेतला म्हणालीस. तिच्यापुढे ते लवकर भरणाऱ्या जखमेचं नेहमीचं कौतुक तेवढं करू नकोस. गुडघा भरला की कळव.

लवकर भरला, तर जरा थांबून कळव.

तुझी,
राखी